शनिवारचा सामना शनिवारीच

आम्हाला हरायला बोलावलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं ते नीट कळेल.

मी गुहागरकडच्या एका लहान कॉलेजात खेळ शिकवते. आमचा मुलींचा फुटबॉल संघ आहे, यावर आमच्याच तालुक्यात अजून कोणाचा विश्वास बसत नाही. मैदान जांभ्याचं, गोलपोस्ट बांबूचे. सोळा मुलींत धड बुटांचे नऊ जोड. बाकीच्या कॅनव्हासच्या बुटांवर खेळतात.

डिसेंबरात सांगली जिल्ह्यातून फोन आला. बोलणारे गृहस्थ ठिबक सिंचनाच्या पाइपांचे कारखानदार होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. रहिमतपूर, पलूस आणि कुंडल अशा तीन ठिकाणच्या कॉलेजांच्या मुलींचे सामने ते स्वतःच्या खर्चाने भरवत होते आणि इंटरनेटवर थेट दाखवत होते. चौथा संघ ऐन वेळी गळला होता. आम्ही आलो तर प्रत्येक सामन्याचं मानधन, शिवाय गाडी, राहणं, जेवण.

प्राचार्यांनी विचारलं, "आपल्यालाच का?"

"त्यांच्या मुली घरच्या मैदानावर जिंकताना दिसायला हव्यात म्हणून," मी म्हटलं.

प्राचार्यांनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, "बूट येतील का त्यातून?"

"येतील."

"मग जा."

माझी एकच अट होती, शनिवारी दुपारपर्यंत सुटका हवी. त्याच आठवड्याच्या रविवारी सकाळी दहाला चिपळूणला आमचा विभागीय उपांत्य सामना होता. आमचं कॉलेज तिथवर पहिल्यांदाच पोचलं होतं. भाऊसाहेबांनी फोनवर दिवस सांगितले : गुरुवारी रहिमतपूर, शुक्रवारी पलूस, शनिवारी सकाळी आठला कुंडल. "शनिवारी दुपारी तुम्ही मोकळ्या," असं ते म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं.

रहिमतपूर

कुंभार्ली घाट चढून वर आलं की हवा आधी कोरडी होते आणि मग माणसं मोकळी होतात. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, "चहा घेणार का?" पाहुणा म्हणतो, "नको, आत्ताच झाला," आणि दोघंही सुटतात. घाटावर विचारतच नाहीत. कप समोर येतो. तो संपला की दुसरा येतो. आमच्या मुलींनी रहिमतपुरात पोचल्यापासून पहिल्या दोन तासांत चार चार कप चहा प्यायला, कारण नाही कसं म्हणायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी मैदानावर गेलो तर घोटाळा. त्यांची जर्सी गडद निळी, आमचीही गडद निळी. रेफरी म्हणाले, असं खेळता येणार नाही. दुसरी जर्सी आमच्याकडे नव्हती. मी आणि आमची गोलकीपर रेश्मा, गुहागरच्या एका खलाशाची मुलगी, बाजारपेठेत धावलो. एका कापड दुकानदाराने नुकतंच शटर वर केलं होतं. रेश्माने अडचण सांगितली. त्याने मागच्या फळीवरून पुरुषांचे पांढरे बनियन काढले आणि मोजून सोळा पुढे ठेवले.

"किती द्यायचे?" मी विचारलं.

"आवं, खेळून या की आधी. जिंकला तर पैसं द्या, हरला तर ठिवा तुमालाच."

बनियनांच्या पाठीवर कॉलेजच्या शिपायाने काळ्या मार्करने आकडे काढले. निळ्या जर्सीवर ढगळ पांढरे बनियन घालून आमच्या मुली मैदानात उतरल्या तेव्हा सगळं मैदान हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. पण आमचा खेळ त्याहून हसण्यासारखा झाला. काळ्या मातीचं कडक मैदान, चेंडू गुडघ्याएवढा उडतोय आणि आमच्या पोरी तो पायाशी शोधतायत. चार–शून्यने हरलो. बनियन आमचे झाले.

जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा खर्डा होता. खर्डा वाढणाऱ्या मावशी एकेका मुलीच्या दंडाला हात लावून बघत होत्या. "मॅडम, पोरी लय बारक्या हायत तुमच्या. जेवत्यात का न्हाई?" मुली जेवत होत्या आणि डोळ्यांतून पाणी काढत होत्या. हरल्याचं होतं की खर्ड्याचं, ते मी विचारलं नाही.

पलूस

पलूसला आम्हाला सूर सापडला. मैदान भाऊसाहेबांच्याच पाइपांच्या पाण्यावर वाढवलेलं, हिरवंगार. असं गवत आमच्या मुलींनी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. सामना सुरू होण्याआधी दोघीतिघी खाली बसून त्यावरून नुसता हात फिरवत होत्या. कडेला दोन कॅमेरे होते, आणि एक तरुण माइकवर प्रत्येक पासचं वर्णन करत होता. एक–एक अशी बरोबरी झाली. आमचा गोल झाला तेव्हा त्यांच्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे पाहुण्या संघाचा गोल झाला की एकदम शांतता पसरते.

दुपारचं जेवण एका द्राक्षबागेत होतं. बागेचा मालक निवृत्त फौजी, मुलगाही फौजेत. त्यांच्या सुनेने शेतात हुरडा भाजला होता. गरम हुरड्यावर शेंगदाण्याची चटणी, आणि डोक्यावर मांडवाला लटकलेले घड. ते अजून आंबट होते, तरी मुली खात होत्या. मी पाय पसरून बसले आणि मनात म्हटलं, हरायला बोलावलं असलं तरी किती छान बोलावलंय.

तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन आला.

"मॅडम, कुंडलचा सामना रविवारी संध्याकाळी पाचला केलाय. रविवारी माणसं घरात असत्यात, बघणारे वाढत्यात. आणखी दोन जाहिरातदार मिळालेत त्या वेळेला. तुमचं दोन दिवसांचं राहणं-खाणं माझ्याकडं."

"भाऊसाहेब, रविवारी सकाळी चिपळूणला आमचा सामना आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"व्हय, सांगितलं हुतं," ते म्हणाले. "खरंच डोक्यातनं गेलं. काय तरी बघा की तुमच्या बाजूनं. बाकी सगळं ठरलंय आता."

मी मुलींना सांगितलं. रेश्माच्या हातात हुरडा होता, तो तिने तसाच खाली ठेवला. एकजण म्हणाली, "चिपळूणवाल्यांना सांगूया ना पुढे ढकला." विद्यापीठाचा सामना असा ढकलत नाहीत, हे तिलाही माहीत होतं. तिसरा सामना सोडला तर त्याचं मानधन जाणार, म्हणजे बुटांचे काही जोड जाणार. चिपळूण सोडलं तर वर्षभर ज्यासाठी पहाटे उठून धावलो तेच जाणार.

कुंडल, शुक्रवार

दुपारी कुंडलला पोचलो. पलूसपासून अंतर फार नाही, पण वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती. माझ्या डोक्यात दोन सामने एकमेकांवर आपटत होते.

मैदानावर डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक उंच गृहस्थ स्वतः चुन्याच्या रेषा मारत होते. ते कुंडलच्या मुलींचे प्रशिक्षक. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. कॉलेजकडून एक पैसा न घेता सकाळ-संध्याकाळ मुलींना शिकवतात. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "मॅडम, मलाबी आत्ता तासाभरामागं कळलं. बसा. पाणी घ्या आधी."

मी सगळं सांगितलं. त्यांनी चुन्याचं घमेलं बाजूला ठेवलं, हात झटकले आणि म्हणाले, "चला, भेटूनच येऊ."

भाऊसाहेबांचं ऑफिस कारखान्याच्या आवारातच होतं. मी मनात एक मग्रूर माणूस रंगवला होता. प्रत्यक्षात चाळिशीचा, साध्या शर्टातला, बोलायला अदबशीर माणूस निघाला. त्यांनी भिंतीवरचे फोटो दाखवले. तीन वर्षांपूर्वी कुंडलच्या याच मुली काटेरी माळावर अनवाणी खेळत होत्या.

"मॅडम, हे पाणी, हे गवत, बूट, मुलींना रोज दोन अंडी, हे कुठनं आलं? जाहिरातीतनं. जाहिरातदार म्हणतो रविवार. मी न्हाई म्हटलं तर तो क्रिकेटकडं जातो. तुमच्यावर राग न्हाई माझा."

त्यांचं खोटं नव्हतं.

आबा म्हणाले, "भाऊ, कुंडलात जोड लागली म्हंजे लागली. दोन पैलवानांनी हात मिळवला की मग कोण मोडत न्हाई."

"आबा, तुमच्या कुस्त्यांच्या मैदानातबी पैलवान इनाम बघूनच येतो की."

"येतो. पण इनाम वाढलं म्हणून कोण जत्रा म्होरं ढकलत न्हाई."

"ढकलत्यात आबा," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "हल्ली ढकलत्यात. तुमालाबी ठावं हाय."

आबा खुर्चीतून उठले. खिडकीतून पाइपांची भेंडोळी दिसत होती, तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ढकलत असतील. माझ्या पोरींना इचारतो आणि सांगतो."

परत आलो तेव्हा मैदानाच्या कडेला कुंडलची कप्तान सारिका आमच्या मुलींना स्वतःचे जुने बूट दाखवत होती. सारिकाचं घर पूर्वेकडच्या कोरड्या भागातलं, मेंढपाळांचं. ती इथे मावशीकडे राहून शिकते. आबांनी दोन्ही संघांना गोल बसवलं आणि काही न लपवता सांगितलं : शनिवारी खेळलं तर कॅमेरा येणार नाही, भाऊसाहेब पुढच्या वर्षी मदत करतील की नाही त्याचा भरवसा नाही. रविवारी खेळलं तर या पाहुण्या पोरी नसतील, किंवा असल्या तर त्यांचं मोठं नुकसान होईल.

मग सारिका उठली.

"आबा, आमचं आण्णा आज हितंच हायत. त्या वढ्यापलीकडं पाटलांच्या रानात मेंढरं बसवल्यात. रविवारी सकाळी वाडा हलणार, मेंढरं घिऊन म्होरल्या रानात. त्यांनी मला कवा खेळताना बघितलंच न्हाई. मी त्यांना शनवार सांगितलाय."

"मग?"

"मग शनवारीच खेळायचं की. ह्या पोरींनाबी शनवारच सांगितला हुता."

आबांनी बाकीच्या मुलींकडे बघितलं. एकेकीने मान हलवली. एक मुलगी मात्र म्हणाली, "पण आबा, अंडी बंद झाली तर?" आणि सगळ्या हसल्या. आबा हसले नाहीत. "झाली तर माझ्या कोंबड्या हायत," ते म्हणाले आणि सगळ्यांसमोर फोन लावला. "भाऊ, उद्या आठला शिट्टी वाजंल. तुमचा कॅमेरा आला तर आनंद हाय. न्हाई आला तर राग न्हाई." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. आबांनी फोन खिशात टाकला आणि घमेलं उचलून राहिलेली रेष पुरी करायला गेले.

ऊन उतरल्यावर सारिका मला आणि रेश्माला तिच्या वडिलांकडे घेऊन गेली. मायाप्पा त्यांचं नाव. ऊस तुटून गेलेल्या रानात दोनेकशे मेंढरं बसली होती. मेंढरं रानात बसली की लेंडीखत पडतं, म्हणून शेतकरी मेंढपाळाला बोलावून घेतात आणि धान्य, पैसे देतात. मी त्यांना म्हटलं, रविवारचा वाडा एक दिवस थांबवता आला नसता का?

"न्हाई जमत, बाई. म्होरल्या रानवाल्याला शबुद दिलाय. त्यो पेरणी धरून बसलाय." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरगी म्हनती फुटबॉल. म्या कुस्ती बघितलिया, हे काय असतंय ठावं न्हाई. कुनाच्या बाजूनं वरडायचं तेवडं सांगा."

"तुमच्या मुलीच्या," मी म्हटलं.

"आन तुमच्या?"

"आमच्यासाठी आम्ही आहोत."

त्यांनी शेळीच्या दुधाचा चहा दिला. रेश्माने एका घोटात संपवला आणि दुसरा मागून घेतला. घाट चढल्यापासून मागून घेतलेला तिचा हा पहिला कप.

शनिवार

आठला शिट्टी वाजली. कॅमेरे नव्हते. माइकवाला नव्हता. मला वाटलं होतं, माणसंही नसतील. पण आबांनी सकाळी सहाला तालमीत निरोप दिला होता. म्हातारे पैलवान, दूध घालून परतणारी माणसं, शाळेची पोरं, बायका, असे चारेकशे लोक कडेला उभे राहिले. ऊसतोडीच्या एका टोळीने गाडी थांबवली आणि ट्रॉलीवर चढून बघत राहिली.

कुंडलचे लोक फुटबॉल कुस्तीसारखा बघतात. कोणी चेंडू घेऊन एकटी पळाली की टाळी नाही. दोघी समोरासमोर आल्या की सगळे पुढे सरकतात. मागे एकजण म्हणाला, "जोड बराबरीची हाय गड्या." हे आमच्याबद्दल होतं. चार दिवसांत कोणी आम्हाला बरोबरीचं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मागे वळून त्या माणसाकडे बघितलं.

आम्ही पहिला गोल केला. त्यांनी दोन केले. आम्ही फेडला. रेश्माने सारिकाचा एक फटका असा अडवला की स्वतः गोलपोस्टवर आपटली. सारिकाने धावत येऊन तिला उठवलं, बनियनवरची माती झटकली आणि मागे पळाली. मायाप्पा डोक्याचा पटका हातात घेऊन रेषेला लागून इकडून तिकडे धावत होते. सारिकाकडे चेंडू नसला तरी ते तिच्याचकडे बघत होते.

हाफटाइमला भाऊसाहेब आले. एकटेच. कोपऱ्यात हात बांधून उभे राहिले. कोणी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी एका म्हाताऱ्याला दिली.

शेवटच्या पाच मिनिटांत सारिकाने डोक्याने गोल घातला. तीन–दोन. शिट्टी झाली. मायाप्पांना गोल झाला हे कळलं, पण सामना संपला हे कळलं नाही. ते ओरडत मैदानात शिरले आणि मुलीसमोर येऊन थांबले. काय करायचं ते दोघांनाही सुचेना. मग त्यांनी तिच्या डोक्यावर पटका ठेवला. आम्ही सगळ्या बघत राहिलो.

भाऊसाहेब माझ्याजवळ आले. "दोन सामन्यांचं मानधन दिलं हाय. तिसऱ्याचं न्हाई देता येणार, मॅडम. जाहिरात झाली न्हाई."

"बरोबर आहे," मी म्हटलं, आणि खरंच मला ते बरोबर वाटलं.

ते निघाले, पुन्हा वळले. "पण खेळ लय भारी झाला. कॅमेरा आणायला पायजे हुता मी." आबांना म्हणाले, "उद्या पाचला पलूसच्या पोरींशी खेळवा. तेवढं करा माझ्यासाठी." आबा म्हणाले, "ह्या वेळी ठरवायच्या आधी इचारलं, म्हणून खेळवतो." दोघं हसले. अंडी बंद झाली नाहीत, हे मला नंतर कळलं.

आबांच्या घरी मटण होतं, आणि भात. त्यांच्या पत्नीने कोकणातल्या पोरी म्हणून पातेलंभर भात लावला होता. चार दिवसांनी भात बघून मुलींनी जो आवाज केला, तो आमच्या एकाही गोलला केला नव्हता.

परत

रविवारी चिपळूणला आम्ही एक–शून्यने जिंकलो. अंग ठणकत होतं, तरी मुली पळाल्या. अंतिम सामना हरलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बुटांचे पाच जोड आले, सात यायला हवे होते.

मग मी आबांना फोन करून त्यांचा संघ आमच्याकडे बोलावला. मानधन काही नाही, मासे पोटभर. सारिकाची शनिवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती, ती सांभाळून फेब्रुवारीतला एक बुधवार ठरला.

आठवड्याने समुद्राकाठच्या एका रिसॉर्टचे मालक भेटायला आले. त्यांनी सामन्याचं ऐकलं होतं. शनिवारी ठेवलात तर आमचे पर्यटक बघायला येतील, आणि आम्ही कॉलेजला जाळ्यांसकट लोखंडी गोलपोस्ट देऊ, असं म्हणाले. मी लगेच नाही म्हटलं नाही, हे कबूल करते. "उद्या सांगते," म्हटलं. त्या दिवशी सरावाला मी बांबूचे पोस्ट बघत उभी राहिले. वरचा बांबू मधोमध वाकला होता. आबांना फोन करून वार बदलायला सांगावं का, हे मी दोनदा मनात म्हणून पाहिलं. आबा कदाचित हो म्हणाले असते. सारिकाची परीक्षा बुडली असती, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं, "सामना बुधवारी आहे. तुम्ही जरूर या."

ते आले नाहीत. कुंडलची गाडी मात्र बुधवारी पहाटेच येऊन उभी राहिली. आमच्या जांभ्याच्या मैदानावर त्या मुली घसरत, धडपडत खेळल्या, आणि या वेळी आम्ही दोन–एकने जिंकलो. बघायला साठ-सत्तर माणसं होती. सारिकाचा गोल झाला तेव्हा बघणाऱ्यांतल्या अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या तालुक्यात हे मी पहिल्यांदा पाहिलं.